मुलींना 'पॉझिटिव्ह मेसेज' द्यायचाय, खरं दाखवायचं काय?

पाटीपेन्सिल_वडगाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा. मी बेळगावात वडगावला घरीच शिकवणी घेते, आठवी ते एसएसएलसी (दहावी), गणित आणि सायन्स. सध्या अकरा मुली आणि सात मुलगे आहेत. आमच्या गल्लीच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, त्यात दरवर्षी मुली दोन डान्स करतात आणि वाण घेतलं की सगळ्या आपापल्या घरी. यंदा मंडळाच्या अक्का म्हणाल्या, टीचर, तुम्हीच बसवा काहीतरी वीस मिनिटांचं, वयात आलेल्या पोरी आहेत, जरा पॉझिटिव्ह मेसेज जाईल असं. मी हो म्हणून बसले. हो म्हणताना काय जातंय.

मुलींना विचारलं काय करूया, तर लगेच चार गाणी आली, दोन मराठी, एक हिंदी, एक कन्नड. मी म्हटलं चालेल, आधी मला सांगा ह्या गाण्यात मुलगी काय काय करते. फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडं मुलगी उजवीकडं मुलगा, आणि मोबाईलवर गाणी थांबवत थांबवत नुसती क्रियापदं लिहून काढली. डावीकडं आलं: लाजते, पळते, मागं वळून बघते, केस उडवते, रुसते, परत लाजते. उजवीकडं: गाडी चालवतो, मागं लागतो, आडवा येतो, मित्रांना गोळा करतो, मारामारी करतो, जिंकतो. चारही गाण्यांत हेच, भाषा तेवढी वेगळी. आठवीतली एक बारकी पोरगी म्हणाली, "टीचर, हिला घरात काय काम नाही काय, दिवसभर पळालीय नुसती." सगळे हसले, मुलगेपण हसले.

मग नववीतली एक म्हणाली, मग आर्ची घेऊया की! सैराटमधली हो. सिनेमा २०१६ चा, ह्या पोरी तेव्हा अंगणवाडीच्या वयाच्या, खरं सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडं तर त्याचा कन्नड रिमेक पण येऊन गेला २०१७ ला, मनसु मल्लिगे, त्यातही रिंकू राजगुरूच होती, त्यामुळं दोन्ही भाषेतल्या पोरींना आर्ची माहीत. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दम देते. मला पण बरं वाटलं, म्हटलं चला, उजवीकडची क्रियापदं डावीकडं आली. तर कोपऱ्यात बसणारी एक मुलगी आहे, वर्षभरात चार वेळा तोंड उघडलं असेल तिनं, पेनाचं टोपण चावत हळूच म्हणाली, "टीचर, खरं ती शेवटी मरते की."

सगळी एकदम गप्प. मला उत्तर सुचेना. वर्गसमीकरण सोडवायला दिलं आणि वेळ मारून नेली.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. एकीकडं लाजणारी, दुसरीकडं बुलेटवाली, आणि बुलेटवालीला शेवटी काय मिळतं ते पोरींनी बरोबर टिपलंय. सिरीयलचं तर बोलूच नका, आमच्या घरांत मराठी पण बघतात कन्नड पण बघतात, दोन्हीकडची सून एकाच साच्यातून काढलेली, फक्त साडी नेसायची तऱ्हा वेगळी. आणि थोर स्त्रिया म्हटलं की आमच्याकडं दोनच चित्रं, एकतर घोड्यावर तलवार घेऊन नाहीतर पाळण्याची दोरी हातात. आता राणी चन्नम्मा आमच्या काकतीचीच लेक, १८२४ ला कित्तूरला इंग्रजांना तिनं पाणी पाजलं, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला, अभिमान आहेच. खरं माझ्या नववीतल्या पोरीला रोज सकाळी घोडा लागत नाही हो, तिला लागतं ते वेगळंच काहीतरी, आणि ते काय हेच मला सांगता येईना.

भाषण नको, 'मुलगी शिकली' छापाच्या पाट्या नकोत, पोरी जांभया देतात. तुम्ही काय दाखवाल? वयं तेरा ते सोळा.

---

गणपतगल्ली_गप्पिष्ट

टीचर, मी कपड्याच्या धंद्यातला माणूस, मेसेजबिसेज काय कळत नाही, खरं एक किस्सा सांगतो. माझी पोरगी सातवीत आहे. मागच्या वर्षी म्हणाली पप्पा मला आरसीबीची जर्सी पाहिजे, १८ नंबरची. घेऊन गेलो दुकानात (माझं नव्हे, दुसऱ्याचं). दुकानदार म्हणाला, विराटचा अठरा, आहे की, कुठली साईज? ही म्हणाली, विराटचा नको, स्मृतीचा पाहिजे. तो म्हणाला, बाळ, दोन्ही सारखेच, अठराच. ही म्हणाली, सारखे असतील तर मग मला स्मृतीचाच द्या! आता काय बोलणार गा तो. गप गुमान पाठीवर नाव छापून दिलं.

आता बघा, मी तिला कधी सांगितलं नाही की मुली पण क्रिकेट खेळतात हं बाळा. तिनं २०२४ ला टीव्हीवर बघितलं की स्मृती मानधनाच्या आरसीबीनं दुसऱ्याच सीझनला कप उचलला, आणि आमच्या पुरुषांच्या टीमला आयपीएलचा कप बघायला २०२५ पर्यंत अठरा सीझन घासावे लागले. आमच्या घरात ह्यावरून मला रोज टोमणे. वर स्मृती सांगलीची, म्हणजे आपल्या पलीकडच्या गावचीच म्हणा की. २०२५ च्या नोव्हेंबरला नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकल्या तेव्हा तर आमच्या गल्लीत फटाके कोण लावालंय म्हणून बघितलं तर पोरींचाच घोळका.

माझं म्हणणं एवढंच, मेसेज देऊ नका, मॅच लावा.

---

रोखठोक_निपाणीकर

सगळ्या गोष्टीत स्त्री-पुरुष कशाला आणताय? गाणं आहे, पोरी नाचतील, हौस होईल, सोडून द्या की. आमच्या वेळी आम्ही पण असलीच गाणी बघितली, कुठं बिघडलं? उगीच फळ्यावर क्रियापदं लिहून पोरींच्या आनंदात माती कालवायची. आणि मुलग्यांचं काय? त्यांच्यावर काय कमी ओझं आहे? माझा पोरगा पडला, हात मोडला, हॉस्पिटलात रडला तर माझ्या मेव्हण्यानं सगळ्यांसमोर म्हटलं, बायकांसारखा रडालास काय. दहा वर्षांचं पोर ते. त्याच्यासाठी कोण वीस मिनिटांचा कार्यक्रम बसवणार?

---

पाटीपेन्सिल_वडगाव

@रोखठोक_निपाणीकर, बिघडलं की नाही हे तुमच्या बायकोला विचारून सांगा एकदा. (गंमत हं.) खरं तुमच्या पोराचं वाचून वाईट वाटलं. आणि तुम्हीच बघा, 'बायकांसारखा' ही शिवी आहे हे मेव्हण्याला कुणी शिकवलं? माझ्या फळ्याच्या उजव्या बाजूला पण 'रडतो' कुठंच नव्हतं. आनंदात माती मी कालवली नाही, पोरी पोट धरून हसत होत्या.

---

फ्लेक्सवाला_खानापूररोड

मी बॅनर, फ्लेक्स, लग्नपत्रिका छापतो, वीस वर्षं झाली. पोरींना काय दाखवायचं म्हणून टीचरनी विचारलंय, लोकांना दिसतं त्यातलं निम्मं माझ्या कॉम्प्युटरमधूनच बाहेर पडतं म्हणा की.

एसएसएलसीचा निकाल लागला की आमचा सीझन. दरवर्षी मुलीच पुढं, त्यामुळं 'हार्दिक अभिनंदन'च्या फ्लेक्सवर फोटो पण मुलींचेच जास्ती. दोन वर्षांमागं एका घरचे लोक आले, मुलीला ६२५ पैकी ६०० च्या वर मार्क, आईबाप दोघं आनंदानं फुलून गेलेले, व्हॉट्सॲपवर मुलीचा फोटो पाठवला आणि वडील म्हणाले, "जरा उजळ करा हं, चारचौघात लागणार." मला काय नवीन नाही, दहातले आठ जण सांगतात. माउसनं ती पट्टी उजवीकडं ओढली, पोरगी गोरी झाली, छापलं, चौकात बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोरगीच सायकल घेऊन दुकानात. म्हणाली, "मामा, मैत्रिणी विचारालेत ही कोण म्हणून. माझं तोंड मला परत द्या." मला हसू पण आलं आणि लाज पण वाटली. माझ्या खर्चानं दुसरा फ्लेक्स काढून दिला, आहे तशी सावळी. बापाला आवडलं नाही, पैसे देताना वीस रुपये कमी दिले.

तेव्हापासून मी विचारल्याशिवाय ती पट्टी ओढत नाही. मुलग्यांच्या फोटोला असं सांगत नाहीत म्हणू नका, सांगतात, खरं मुलग्याच्या वेळी म्हणतात 'क्लिअर करा', मुलीच्या वेळी 'उजळ करा'. शब्दातच बघा.

ह्याला जाहिराती कारणीभूत आहेतच. फेअर अँड लव्हली १९७५ ची, म्हणजे माझ्या आईच्या लग्नाच्या आधीपासूनची. गोरी झाली की नोकरी लागली, गोरी झाली की स्थळ आलं, किती वर्षं तेच बघितलं आपण. २०२० ला नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. नाव बदललं, खरं आमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडातला 'उजळ' काय गेला नाही.

चांगल्या जाहिराती पण आहेत हां, धंद्याची निंदा नको. ती कॅडबरीची आठवते काय, नव्वदच्या दशकातली? क्रिकेटर सिक्सर मारतो आणि फुलाफुलाच्या ड्रेसातली त्याची मैत्रीण सिक्युरिटीला चुकवून मैदानात नाचत घुसते. तीच जाहिरात त्यांनी २०२१ ला उलटी करून काढली, खेळणारी मुलगी आणि नाचत घुसणारा मुलगा. बाकी गाणं तेच, चॉकलेट तेच. एक शब्द भाषण नाही. ती बघून माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी आलं, मला कळेचना रडालीस कशाला म्हणून. ती म्हणाली, लहानपणी मी फक्त नाचणारीच व्हायचं ठरवलं होतं, खेळायचं पण असतं हे कुणी सांगितलंच नाही.

टीचर, तुमच्या कार्यक्रमाला हीच युक्ती करा की. गाणं तेच ठेवा, डाव्या उजव्या बाजू बदला.

---

नाटकवेडे_आजोबा_शहापूर

वय वर्षे ७४, टायपिंग नातीकडून शिकलो आहे, चुका पोटात घाला.

तुम्ही सगळे हे आजचं आहे असं धरून बोलताय. आपल्या भागात मुलींच्या जिवाचा प्रश्न रंगभूमीवर कधी आला ते सांगतो. १८९९ साली, संगीत शारदा. गोविंद बल्लाळ देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीतले, आणि अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे हल्ली बेळगावकरांना पण सांगावं लागतं. गोष्ट काय, तर कोवळ्या वयाची शारदा, पैशाला हपापलेला बाप कांचनभट, आणि तिच्याशी लग्न करायला निघालेला म्हातारा भुजंगनाथ. प्रेक्षकांत किती भुजंगनाथ आणि किती कांचनभट बसलेले असतील विचार करा! त्यांना तिकीट काढायला लावून, गाणी ऐकवून, त्यांच्याच तोंडावर मारलं. माझी आज्जी सांगायची की तिच्या माहेरी हे नाटक बघून आल्यावर दोन दिवस पुरुष माणसं जेवताना गप्प असायची.

जाता जाता एक गैरसमज. बरेच जण छातीठोकपणे सांगतात की बालविवाहाचा 'शारदा कायदा' ह्या नाटकावरून आला. तसं नाही. तो १९२९ चा कायदा, अजमेरच्या हरबिलास सारडांनी मांडलेला म्हणून सारडा ॲक्ट. मुलीला १४ आणि मुलाला १८ एवढंच वय होतं त्यात. आपल्याकडं सारडाचं शारदा झालं, कारण नाटक लोकांच्या ओठावर होतं. चूक खरी, पण गोड चूक.

तरी तुमच्या त्या कोपऱ्यातल्या मुलीचा प्रश्न मला झोपू देईना. शारदा मरत नाही. जीव द्यायला निघते, खरं वाचते. पण वाचवतो कोण? कोदंड. भुजंगनाथाचं बिंग फोडतो कोण? कोदंड. शारदा रडते, गाते, सोसते. आणि शारदेचं काम करायचे ते पुरुष नट. म्हणजे मुलींचं दुःख पुरुषांनी लिहिलं, पुरुषांनी लुगडं नेसून गायलं, पुरुषांनी सोडवलं आणि माडीवर बसून बायकांनी डोळे पुसले. १८९९ ला तेवढं पण फार होतं, मी देवलांना नावं ठेवणार नाही. पण सव्वाशे वर्षं झाली, आता शारदेला दोन वाक्यं स्वतःची हवीत.

---

मलप्रभेकाठची

मी इथली सगळ्यात लहान असेन, सेकंड पीयूसी (बारावी) कॉमर्स, खानापूर तालुक्यातली, रोज बसनं बेळगावला येते. रागावू नका खरं तुम्ही सगळे मोठे लोक 'मुलींना काय दाखवायचं' ह्यावर एवढं लिहालाय, आणि अजून एकाही मुलीला कुणी विचारलं नाही की तुला काय बघायला आवडेल. म्हणून मीच सांगते.

पहिलं म्हणजे लाजणं, केस उडवणं, नाचणं ह्यात काय पाप नाही. मला लिपस्टिक आवडते, गुलाबी आवडतो, रील करायला आवडतं. पॉझिटिव्ह मेसेजवाल्यांचा एक प्रॉब्लेम असा की त्यांच्या गोष्टीतली हुशार मुलगी कायम चष्मा आणि दोन वेण्या, आणि धाडसी मुलगी कायम शर्ट पँट आणि शिव्या. म्हणजे मुलगी चांगली व्हायची तर आधी तिनं मुलगा व्हायचं. आर्चीची बुलेट मला पण आवडते हो, खरं आमच्या गावात एक मुलगी गाडी चालवली तर बाकीच्या मुली चालत्याच राहतात. एकटीच वाघीण असते सिनेमात. तिला मैत्रीण असली तरी ती चिठ्ठ्या पोचवायला.

ह्याची एक मोजपट्टी आहे, आमच्या इंग्लिशच्या मॅडमनी सांगितलेली. ॲलिसन बेक्डेल म्हणून अमेरिकेत व्यंगचित्रकार आहेत, त्यांनी १९८५ ला एका चित्रात गंमत म्हणून मांडली. सिनेमात दोन तरी बायका पाहिजेत, त्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर बोलल्या पाहिजेत. बस, तीन अटी. ऐकायला किती सोपं! मी एक दिवस रात्री सात ते नऊ आईच्या आणि आज्जीच्या शेजारी बसून वहीत रेघा मारत मोजलं. चार सिरीयल, बायका भरपूर, पहिल्या दोन अटी सगळ्या फर्स्ट क्लास पास. तिसरीला गाडी अडकली. नवरा, मुलगा, नवऱ्याची ती, मुलाचं लग्न. एकदा वाटलं पास झाली, कारण दोन जावा खिरीबद्दल बोलत होत्या, पण खीर नवऱ्याला आवडते म्हणून चाललेली. आज्जी म्हणाली, अगे, खिरीत साखर कमी आहे म्हणाली ना ती, धर की ती ओळ. आज्जीसाठी अर्धा मार्क दिला. आजोबा, तुमच्या शारदेत पण शारदा आणि तिची मैत्रीण वल्लरी बोलतात की दोघी, विषय लग्नच!

खरं एक सांगू, सिनेमापेक्षा माझ्या फोनमध्ये येतं त्याचा त्रास जास्ती. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात आम्हा बायकांना बस फुकट झाली ना, शक्ती योजना, तेव्हापासून बसमधल्या बायकांवर एवढ्या रील आल्या की काय सांगू. सीटवरून केस ओढणाऱ्या बायका, खिडकीतून आत घुसणाऱ्या बायका, फुकट म्हणून उगीच हिंडणाऱ्या बायका, खाली हसायच्या स्माइली. माझ्या वर्गातले मुलगे रोज फॉरवर्ड करतात. मी त्याच बसमधनं येते. सकाळी साडेसहाला थंडीत स्टॉपवर आम्ही नऊ मुली असतो, धुक्यात बसचे लाईट आधी दिसतात आणि बस नंतर, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो, एक मुलगी टिफिनमधला पोह्याचा घास तिथंच खाते कारण घरी वेळ नसतो, मी अकाउंट्सची उजळणी करते, एक नर्सिंगवाली खांद्यावर डोकं टाकून झोपते. पंचवीस-सव्वीस किलोमीटर. माझी चुलत बहीण २०२१ ला दहावी झाली, पासाचे पैसे आणि लांब पडतं म्हणून तिला घरात ठेवलं, आता तिला दोन पोरं आहेत. मी येऊ शकते कारण पप्पांकडं बसच्या पैशाचं निमित्त उरलं नाही. ही गोष्ट कुठल्या रीलमध्ये बघितलाय तुम्ही? मी नाही बघितली.

आणि अजून एक, जरा लाजत लिहिते. आमच्याकडं अजून 'कावळा शिवला' म्हणतात आणि चार दिवस लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. २०१४ ला व्हिस्परची जाहिरात आलेली, तीत मुलगी लोणच्याला हात लावते आणि बाकी बायका टाळ्या वाजवतात. पुढच्या वर्षी तिला कानच्या जाहिरात फेस्टिव्हलात मोठं बक्षीस मिळालं म्हणे. मी ती पाचवी-सहावीत असताना यूट्यूबवर बघितली आणि काय विषय आहे कळलंच नव्हतं. नंतर माझ्यावर वेळ आली तेव्हा आठवली, आणि मी गुपचूप बरणी उघडून एक फोड खाल्ली. लोणचं काय नासलं नाही. आईला पुढच्या वर्षी सांगितलं, ती म्हणाली मला माहिती होतं, बरणीचं फडकं तू उलटं बांधलेलीस!

म्हणून टीचर, माझं ऐकाल तर पोरींनाच लिहू दे. आणि ती कोपऱ्यातली आहे ना, तिला पहिल्यांदा विचारा.

---

गणपतगल्ली_गप्पिष्ट

ही पोरगी माझ्या दुकानात आली तर पाच टक्के जास्ती डिस्काउंट.

---

रोखठोक_निपाणीकर

बस फॉरवर्ड मी पण केल्यात. दोन तीन. बघतो.

बाकी एक सुचवतो, तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात सिनेमा, टीव्ही, जाहिरात, आपल्या इथल्या पोरींचं नावच नाही. तुरमुरीची मलप्रभा जाधव कुणाला आठवते काय? २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्सला कुराशमध्ये ५२ किलोत ब्राँझ आणलं तिनं. बेळगावपासनं थोड्याच अंतरावरचं गाव, शेतकऱ्याच्या घरातली पोरगी. आणि कुराश म्हणजे काय हे मला तेव्हा पेपरात वाचून कळलं, जॅकेट धरून उभ्यानं पाडायचं, ज्युदोच्या जवळचं. वर सिनेमा नको, तिच्या गावात जाऊन त्या मुलींना आखाडा दाखवून आणा.

(मेव्हण्याला पण सांगितलंय. तो म्हणाला मी गमतीनं म्हटलं होतं.)

---

पाटीपेन्सिल_वडगाव

मंडळी, उशीर झाला, सहामाही परीक्षेचे पेपर तपासत होते.

गणिताची बाई म्हणून एक आठवलं ते आधी सांगते. १९९२ ला अमेरिकेत एक बोलणारी बार्बी आली होती, तिच्या तोंडी जी वाक्यं भरलेली त्यातलं एक होतं की गणिताचा तास अवघड असतो. लोकांनी एवढी बोंब मारली की ते वाक्य काढून टाकावं लागलं. माझ्या अकरातल्या सहा मुली दर आठवड्याला हे वाक्य बार्बीशिवायच म्हणतात. आणि सातही मुलग्यांना गणित तेवढंच येत नाही, खरं ते म्हणतात "पेपर टफ काढलाय टीचर". मुलगी म्हणते मला जमत नाही, मुलगा म्हणतो पेपर अवघड. हे मी इतकी वर्षं ऐकालेय आणि मलाच परवा ऐकू आलं.

आता कार्यक्रमाचं. मलप्रभेकाठचीचं लिहिलेलं मी शनिवारी मुलींना वाचून दाखवलं, लोणच्याचा भाग पण, मुलग्यांसकट. (मुलगे खाली बघत होते, एकानं विचारलं कान म्हणजे कुठलं गाव. दोन मुलींनी मान डोलावली की आमच्याकडं पण बरणीचं असंच आहे.) मग म्हटलं, लिहा तुमचं तुम्ही. फ्लेक्सवाल्यांची बाजू बदलायची युक्ती त्यांनी एका गाण्याला वापरली, पाच मिनिटं, मुलगे लाजतात आणि मुली बाईक चालवतात, म्हणजे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या उलट्या मांडून. मुलग्यांना लाजणं अजिबात येत नाही, मुलींनीच शिकवलं, खांदा असा कर, पदर नाही तर शर्टाची कॉलर धर. हसून हसून सगळ्यांची वाट लागली. अक्कांनी नाक मुरडलं, हळदीकुंकवात मुलगे कशाला म्हणून. मी म्हटलं वाण देऊ नका, तिळगूळ द्या. तयार झाल्या.

उरलेली पंधरा मिनिटं बसची आहेत. पाट्या नाहीत, भाषण नाही, साडेसहाची बस आणि आत नऊ मुली, प्रत्येकीचं काहीतरी चाललेलं. संवाद तिनंच लिहिलेत, पेनाच्या टोपणवालीनं. तीन पानं! मला कुठं माहीत होतं हिच्या पोटात एवढं आहे. मोजपट्टी लावून बघितली, मुलग्याचा विषय एकदाच येतो, तो पण ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून. मी वाचलं आणि तिला विचारलं, सगळं छान आहे गे, खरं शेवट कुठं आहे, शेवटी तिचं काय होतं? तर टोपण तोंडातनं काढून म्हणाली, "काही नाही टीचर. तिचा स्टॉप येतो, ती उतरते."

तेवढंच ठेवलंय.

आता एकच अडचण. कंडक्टरचं काम आठवीतली बारकी करणार आहे, तिच्या मापाचा खाकी शर्ट कुणाकडं आहे काय? छाती ३० ते ३२. चार दिवसांत परत देते, धुऊन इस्त्री करून.

---

फ्लेक्सवाला_खानापूररोड

शर्ट नाही. शिट्टी आहे, माझे चुलते कंडक्टर होते. उद्या दुपारनंतर दुकानात पोरीला पाठवा. फ्लेक्स माझ्याकडनं फुकट, फोटो आहेत तसेच पाठवा, पट्टी ओढणार नाही.